तिसरा नॉब

ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवणारे एक काका, वायर लावायचा जॅक खरखरतो म्हणून गिटार माझ्या दुकानात घेऊन आले. मी मागचं झाकण उघडलं, तर टोनच्या, म्हणजे आवाज मऊ-तीव्र करणाऱ्या तिसऱ्या नॉबची वायर तुटून लोंबत होती. तिच्यावर कित्येक वर्षांची धूळ.

"हा तिसरा नॉब वापरता?" मी विचारलं.

"म्हणजे काय! हळव्या गाण्याला तोच जरा मागे घेतो. माझा आवाज त्याच्यातच आहे."

गुपचूप सोल्डरचा डाग मारता आला असता. पण दुसऱ्याची समजूत फोडण्यात एक चव असते, आणि आपण तिला खरेपणा म्हणतो. घरी देवापुढे, बायकोपुढे मीही असलंच काहीतरी फिरवत असेन. माझं झाकण अजून कुणी उघडलेलं नाही, एवढंच.

मी वायर चिमट्यात धरून त्यांना दाखवली, मग डाग मारला आणि जॅकही साफ केला. काकांनी गिटार स्पीकरला जोडून, तार छेडत नॉब फिरवला. आवाज खरंच बदलला. त्यांचा चेहरा पडला.

"हा आवाज माझा नाही. होतं तसं करून दे."

मी वायर पुन्हा तोडली. त्यांनी नॉब हळूच मागे घेतला, तार छेडली, कान देऊन ऐकलं.

"आता काहीच होत नाही रे."

"आधीही होत नव्हतं," मी म्हणालो, आणि झाकणाचे स्क्रू घट्ट पिळले.