सिरोंच्याचा समुद्र

मामाच्या घरामागच्या शेवटच्या चिंचेखालून उतार सुरू होई, आणि एकाएकी डोळ्यांसमोर उजेडाखेरीज काहीच उरत नसे. नजर पोचेल तिथवर पांढरीशुभ्र वाळू, वाळूच्या कडेने सरकणारं निळं पाणी, आणि त्याच्याही पलीकडे उन्हात थरथरणारी, असून नसल्यासारखी परमुलखाची झाडं... दिवसभर एसटीत आंबून गेलेल्या आम्ही दोघी बहिणी त्या उतारावर चपला हातात घेऊन उभ्या राहायचो, आणि धाकटी मीना दरवर्षी तितक्याच आश्चर्याने ओरडायची, “ताई, समुद्र!”

ती प्राणहिता होती. पण बल्लारपूरच्या आम्हा मुलींनी खरा समुद्र कधी पाहिला नव्हता. ज्याचा दुसरा काठ दिसत नाही तो समुद्र, असं शाळेत बाईंनी सांगितलं होतं, आणि वैशाखातल्या भर दुपारी, वाळूवरून धग उठली की, प्राणहितेचा दुसरा काठ खरोखरच दिसेनासा होई. मग आणखी काय हवं होतं? थोडं खाली गेलं की ती गोदावरीला मिळते; तिथे तर पाणी आणि आभाळ एकमेकांत कुठे शिरतात तेही कळत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आई आम्हाला घेऊन माहेरी निघे. आलापल्लीपासून दोन्ही बाजूंना सागवान उभं, पानगळीने उघडं पडलेलं. अधूनमधून एखादा पळस, एखाद्या गावाजवळ वाळत घातलेल्या मोहफुलांचा तो गोड, डोक्यात चढणारा वास. वाटेत कधी लहानशी वस्ती लागे, तेंदूपानांचे पुडे उन्हात मांडलेले दिसत. सिरोंचा जवळ आलं की एसटीतली बोली हळूहळू बदले. मराठीत तेलुगू मिसळू लागे, आणि आईचा चेहराही बदलू लागे.

बल्लारपुरात आई फार कमी बोले. बाबांच्या कारखान्याच्या भोंग्यावर उठायचं, कोळशाची शेगडी पेटवायची, नळाला पाणी आलं की पितळी गुंड भरून ठेवायचे — तिचा दिवस या एवढ्यातच फिरे. सिरोंच्याला मात्र ती चिंचेच्या कोळातली मासळी रांधताना गुणगुणे. राजन्नामामा तिला ‘अक्का’ म्हणून हाक मारी, आणि त्या हाकेसरशी ती आमच्या आईहून वेगळी, कुणीतरी लहान मुलगी होऊन जाई. मामाची नदीच्या वाळूत डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी होती. पहाटे वेलींखाली हात घातला की गार, दवाने भिजलेलं डांगर हाताला लागे. ते दगडावर आपटून फोडायचं आणि तोंड त्यात बुडवायचं... त्या गराचा वास अजूनही कधी बाजारातून जाताना मला थांबवतो.

बाबा मात्र येत नसत. ते मूल तालुक्यातल्या धानाच्या गावातले. धानाच्या बांध्यांना पाणी पुरवणारी छोटीशी बोडी, तीत गुडघाभर पाण्यात म्हशी धुवायच्या, एवढीच त्यांची पाण्याशी ओळख. नदीचं नाव काढलं की म्हणत, “माह्या रजा नाईत.” रजा होत्या, हे आईला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे बाबांनाही.

मी नऊ-दहा वर्षांची असताना, मामाच्या मुलीच्या लग्नासाठी म्हणून, बाबा अखेर आले. लग्न आटोपल्यावर मामाने आम्हा सगळ्यांना नावेतून पलीकडे महादेवाच्या दर्शनाला नेलं. जाताना नदी झोपल्यासारखी होती. बाबा नावेच्या मधोमध, दोन्ही कडा धरून, डोळे पायांशी लावून बसले होते. मीना त्यांना चिडवत होती. पण परतताना ऊन एकाएकी मळकट झालं. उत्तरेकडून वाळूचा एक उंच पडदा उठला, पाण्यावर काटा आला, आणि त्या पहिल्या झोतातच नाव एका अंगाला कलली.

“बसून राहा! हालू नका कोनी!” मामा ओरडला.

भ्यालेल्या माणसाला बसवत नाही. बाबा उठले, आणि दुसऱ्याच क्षणी तिथे ते नव्हते.

तो डोह होता. उन्हाळ्यातही तिथे बांबू पुरत नसे. मामाने वल्हं सोडलं असतं तर नाव आम्हा पोरींसकट उलटली असती. पाण्यावर बाबांचा हात एकदा दिसला, मग नुसतीच वाळूने भरलेली हवा. मी किंचाळले असेन. मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच — आईने पदर कमरेला खोचला, मीनाला माझ्या मांडीत ढकललं, आणि ती नावेच्या कडेवरून अशी सहज पाण्यात उतरली, जशी रोज ओसरीवरून अंगणात उतरायची.

आई... जी दरवर्षी काठावर घोट्याएवढ्या पाण्यात धुणं धुवायची. पाणी कापत ती गेली. तिचे मोकळे झालेले केस मागे सरकत होते, लुगडं पाण्यावर फुगलं होतं, आणि तिच्या हालचालीत घाईचा मागमूसही नव्हता. मग ती खाली गेली. किती वेळ, कोण जाणे. वारा कानात घोंगावत होता, मीना माझ्या कुशीत थरथरत होती, आणि मी त्या मळक्या पाण्याकडे बघत होते. वर आली तेव्हा तिच्या एका हातात बाबांची कॉलर होती. त्यांना पाठीवर उताणं धरून, दुसऱ्या हाताने नदी मागे सारत, ती काठाकडे निघाली. मामाने नाव कशीबशी वाळूला लावली, तोवर ती बाबांना कुशीवर वळवून त्यांच्या पाठीवर थापा मारत होती.

बाबांनी पाणी ओकलं. खोकले. वादळ आलं तसं निघूनही गेलं होतं.

“तुले पोवता येते?” त्यांनी आईला विचारलं.

आईने मान डोलावली.

“मंग मले सांगतलं काऊन नाई?”

“कवा इचारलं तुमी?” आई पदर पिळत म्हणाली. “अन् सांगून का करू? तिथं का नळाखाली पोवू?”

मामा हसू लागला. मग आई हसली, आणि मग ते हसू कुठेतरी अडकून ती हुंदके देऊ लागली. बाबांनी तिचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले. मामाच्या देखत आईचा हात धरताना मी त्यांना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्धी चड्डी घालून, बाबा पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. “शिकव मले,” ते म्हणाले. धुणं धुणाऱ्या बाया तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. आईने त्यांच्या पोटाखाली तळहात धरला, आणि धिप्पाड देहाचा तो माणूस लेकरासारखा पाण्यावर आडवा झाला. त्यानंतर बाबांच्या रजा एकाही उन्हाळ्यात संपल्या नाहीत.

आता नदीवर पूल आहे. गाडी क्षणात पलीकडे जाते. मामा नाही, डांगरवाडीही नाही. खाली बांधलेल्या बंधाऱ्यामुळे, वाळू होती तिथे आता बरेच महिने पाणी असतं. मागच्या वर्षी आई गेली. तिच्या अस्थी घेऊन आम्ही सिरोंच्याला आलो, तेव्हा मीनाच्या नवऱ्याने सुचवलं की नाव करू, मधोमध नेऊन सोडू. बाबांनी नुसतं नकारार्थी डोकं हलवलं. सदरा काढून त्यांनी माझ्याकडे दिला, लाल फडक्यातली ती लहानशी पुरचुंडी एका हाताने छातीशी धरली, आणि ते पाण्यात शिरले.

“बाबा, नोका जाऊ ना,” मीना म्हणाली. “वय का तुमचं...”

ते गेले. सावकाश, एकाच हाताने पाणी सारत, पार मध्यापर्यंत. तिथे त्यांनी मूठ उघडलेली आम्हाला लांबून दिसली. मग ते लगेच वळले नाहीत. उताणे झाले, हात पसरले, आणि डोळे मिटून पाण्यावर पडून राहिले. प्रवाह त्यांना हलकेच खाली नेत होता. आम्ही काठाने त्यांच्याबरोबर चालत राहिलो, पण हाक कुणीच मारली नाही.