काळा बॉल कुणी घालायचा

हिम्मतरावांची सगळी नोकरी कोठी भागातल्या एका पुस्तकांच्या दुकानात झाली. गुडघ्यांनी दगा दिला, दुकान सुटलं आणि ते नल्लकुंट्याच्या घरात तोंड पाडून बसले. त्याच सुमारास अर्धांगाच्या हलक्या झटक्यानं त्यांच्या बायकोचा, तारामतीबाईंचा, उजवा हात अधू झाला. तो हलता राहावा म्हणून मुलानं, कुलदीपनं, त्यांना कॉम्प्युटरवर बिलियर्ड्स लावून दिलं.

तेव्हापासून नवराबायको रोज दुपारी खेळू लागली. शेवटचा काळा बॉल पॉकेटमध्ये घालील तो जिंकला, आणि हिम्मतराव तो हटकून बाजूला मारत. अधू हाताच्या बायकोला हरवून कुठं मिरवायचं? बाईंनाही तो लवकर जमत नसे. पण कधी कसाबसा पडला की त्या मोकळं हसत, आणि हिम्मतरावांना तेवढंच हवं असे.

कुलदीप कुकटपल्लीत गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. माणसासारखा शॉट निवडणारा प्रोग्रॅम तयार करताना त्यानं त्याला शिकवायला कॉम्प्युटरवर साठलेले आईबाबांचेच जुने डाव घातले. एका रविवारी त्यानं प्रोग्रॅमच्या दोन नकला, एक आईसारखी खेळणारी आणि एक बाबांसारखी, एकमेकींशी खेळायला लावल्या. बाकीचे बॉल भराभर पडले. काळा उरला, पॉकेटच्या अगदी तोंडाशी. बाबांच्या नकलेनं त्याला हळूच दूर ढकललं. आईच्या नकलेनंही तेच केलं. पोहे झाले, चहा झाला, डाव काही संपेना.

कुलदीप चक्रावला. हिम्मतरावांना घाम फुटला, कारण आता बायकोला तिच्या विजयांचं खरं कळणार होतं. मशीन बिघडलं असेल, ते घाईनं म्हणाले, आणि आईचा तर हातच थरथरतो.

"हाताचा प्रश्नच नाही, बाबा," कुलदीप म्हणाला. "नेम कुठं धरायचा, एवढंच हे शिकलंय. आई नेमच बाजूला धरते. तुम्हीपण."

हिम्मतरावांना उलगडेना. मग इतके दिवस कोण कुणाला जिंकवत होतं?

"दुकान सुटल्यावर तुमचं तोंड बघवत नव्हतं," तारामतीबाई खाली बघत म्हणाल्या. "म्हटलं, इथं तरी जिंकू द्यावं."

रागवावं की हसावं, हिम्मतरावांना कळेना.

दुसऱ्या दुपारी पुन्हा काळा बॉल पॉकेटशी, आणि पाळी हिम्मतरावांची. आता मुद्दाम चुकवणं म्हणजे तिची कीव करणं. त्यांनी चष्मा सारखा केला, मन लावून नेम धरला आणि मारला. बॉल काठाला आपटून परत आला.

"अगं, खरंच चुकला," ते म्हणाले.

"हौ, हौ," म्हणत तारामतीबाईंनी माऊस ओढून घेतला. त्यांचा काडीचा विश्वास बसला नव्हता.