अठ्ठावीस पॉइंट सहा किलोमीटर

चार माणसं रोज जायला तास आणि यायला तास एकाच गाडीत बसली की किस्से आपोआप जमतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. डिकीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जमतात ना, तसेच. परवा नवऱ्याने विचारलं, "नवीन गाडी घेतोय तर नॅव्हिगेशनवालं मॉडेल घेऊया का गं? कामाचं असतं का ते?" मी म्हटलं, हो की नाही ते मला विचारू नकोस. माझ्याकडे फक्त किस्से आहेत, ते ऐक आणि तूच ठरव.

गाडी चुरी सरांची. आम्ही चौघं पालघरला राहतो आणि मनोरच्या पुढे, बरंच आत, एका संस्थेच्या शाळेत शिकवतो. संस्थेचं नाव सांगत नाही, अजून बारा वर्षं नोकरी आहे! स्टेअरिंगवर चुरी सर, गणिताचे. शेजारी सोनवणे सर, विज्ञानाचे. मागे सातपाटीच्या मेहेर मॅडम आणि मी. मी मराठी शिकवते.

सोनवण्यांचं आधी सांगून टाकते, कारण ते कळल्याशिवाय बाकीच्यात मजा नाही. खरं तर कळल्यावरही फारशी नाही. हे जळगावकडचे. बायको वैशाली याच संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, नदीच्या पलीकडे. मुलगी पिऊ आईजवळ असते. मधे पूल नाही. म्हणजे मंजूर आहे, दोन खांबही उभे आहेत. पूल होणार म्हणून होडी बंद झाली, आणि होडी बंद झाल्यावर पुलाचं कामही बंद झालं. आता लांबच्या पुलावरून वळसा घालून जायचं तर एकसष्ट किलोमीटर, त्यातले निम्मे खड्डे. सोनवणे शनिवारी शाळा सुटली की बाइकवरून जातात, रविवारी संध्याकाळी परत येतात. पिऊ पाच वर्षांची झाली, पण बापाच्या हिशेबाने ती फक्त शनिवार-रविवारची.

संस्थेचा नियम असा, की नवरा-बायकोच्या शाळांत तीस किलोमीटरच्या वर अंतर असेल तरच दोघांना एका ठिकाणी आणायचं. अंतर कुठून बघायचं? कॉम्प्युटरवरच्या नकाशातून. आणि नकाशात पूल आहे! पुलावरून अंतर येतं अठ्ठावीस पॉइंट सहा. अर्ज दोनदा परत आला.

* * *

चुरी सरांनी हौसेने वरचं मॉडेल घेतलं आणि मशीनला मराठी आवाज लावला. शाळेत मुलं आम्हाला "बाई" म्हणतात, म्हणजे गाडीत दोन बाई होत्याच. मशीनचं नाव पडलं तिसऱ्या बाई.

पहिल्याच आठवड्यात आम्ही बोईसरला निघालो होतो. एका सर्कलला तिसऱ्या बाई म्हणाल्या, "चक्रमार्गावर दुसऱ्या निर्गमनातून बाहेर पडा."

चुरी सरांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मराठी तुमचं खातं. निर्गमन म्हणजे?"

सवय वाईट असते. मी सुरू झाले, "निर् हा उपसर्ग, गम् हा धातू, जाणे या अर्थी..." समजावून होईपर्यंत आमच्या सर्कलभोवती तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला हवालदाराने हात दाखवून थांबवलं आणि काचेत वाकून म्हणाला, "ओ सर, जत्रंतला पाळना हाय का ह्यो?"

* * *

मेहेर मॅडमच्या भाचीचा साखरपुडा माहीमला होता. आमचं माहीम, केळव्याच्या बाजूचं. पालघरहून पश्चिमेला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. पण चुरी सरांचा मशीनवर जीव! त्यांनी "माहीम" टाकलं आणि निघाले. रविवार असूनही गाडी शाळेच्या रस्त्यालाच लागली, म्हणून कोणाला काही वेगळं वाटलं नाही. हाताला सवय असते.

थोड्या वेळाने मेहेर मॅडम म्हणाल्या, "सर, माहीमला जायला मनोर कवापासून लागतं?"

"मशीनला जवळचा रस्ता कळतो, मॅडम."

"आमी जन्मलो हितं, आमाला नाय कळत?"

मी वाकून स्क्रीन पाहिला. पोहोचायला लागणारा वेळ, दोन तास चाळीस मिनिटं! मी म्हटलं, "सर, हे काय?"

चुरी सरांनीही पाहिलं. क्षणभर विचार केला आणि शांतपणे म्हणाले, "माहीम रोडला ट्रॅफिक असेल!"

मासवणला गाडी थांबवून आम्ही त्यांना समजावलं की ही बाई आपल्याला मुंबईतल्या माहीमला नेते आहे. पोहोचलो तेव्हा साखरपुडा उरकला होता, जेवणं उरकली होती, आणि माहीमची विड्याची पानं तेवढी शिल्लक होती.

* * *

बोईसरच्या एमआयडीसीतली एक कंपनी शाळेला जुने बेंच देणार होती. तिसऱ्या बाईंनी आम्हाला अगदी बिनचूक नेलं. "आपण पोहोचला आहात." समोर भिंत! दोन माणसं उंच, वर काचा लावलेल्या.

भिंतीशी एक वॉचमन स्टुलावर बसला होता. "गेट पीछे है मॅडम, दो किलोमीटर घूम के."

"पण मशीन तर इथे दाखवतंय!"

"मशीनवाले सब यहीं आते हैं. रोज आते हैं."

चुरी सर चिडले. "तो फिर कंपनी को बोलो ना, नक्शा ठीक करवाओ!"

वॉचमनने भिंतीला टेकून उभ्या असलेल्या चहाच्या गाडीकडे बोट दाखवलं. "क्यों बोलूँ, साहब? ये ठेला मेरे साढ़ू का है."

आम्ही चार कटिंग घेतले. चहा चांगला होता.

* * *

हा किस्सा मी कोणाला सांगत नाही. आज सांगते.

सातवीतली सविता दिवाळीनंतर शाळेत आलीच नाही. हुशार पोर. निबंधात स्वतःचं काहीतरी लिहायची, पुस्तकातलं नाही. हजेरीपटावर पत्ता एवढाच, डोंगरीपाडा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही शोधायला निघालो. त्या दिवशी सोनवण्यांनी पलीकडे जाणं लांबणीवर टाकलं.

तिसऱ्या बाईंनी एका डोंगरीपाड्यात नेलं. खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "डोंगरीपाडा हाच हाय. पन तुमचा तो हा नाय." दुसऱ्या डोंगरीपाड्यातही तेच. तिसऱ्यात घर सापडलं. दाराची कडी तारेने बांधलेली, अंगणात एक मोडकी बादली.

शेजारची बाई म्हणाली, "काल आले असते तर गावली असती. टरक कालच गेला, इटांच्या भट्टीवर. आता पावसाला येतील."

आम्ही चौघं अंगणात उभे. गाडीचं दार उघडंच होतं. आतून आवाज आला, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात."

चुरी सरांनी पहिल्यांदाच मशीन बंद केलं. मला तिथे रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

* * *

सोनवणे मात्र मशीनच्या विरोधात कधीच बोलले नाहीत. उलट गाडीत बसले की आपल्या आणि वैशालीच्या शाळेचं नाव टाकायचे आणि मधलं अंतर वाचायचे. चुरी सर विचारायचे, "आज किती?"

"अठ्ठावीस पॉइंट सहा."

"उद्या बघू!" जणू क्रिकेटचा स्कोअर.

एका सकाळी सोनवणे ओरडलेच, "एकतीस पॉइंट दोन!" कुठेतरी झाड पडून रस्ता बंद झाला होता आणि मशीनने दुसरा रस्ता धरला होता. सोनवण्यांनी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. चुरी सरांनी मनोरच्या अलीकडून गाडी वळवली ती थेट पालघरला संस्थेच्या ऑफिसात. पहिला तास गेला खड्ड्यात!

क्लार्क म्हणाला, "फोटो चालत नाही. आमच्या कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे." कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ, मग नेट यायला वेळ, मग पासवर्ड आठवायला वेळ. आम्ही चौघं त्याच्या खुर्चीमागे उभे. नकाशा उघडला. अठ्ठावीस पॉइंट सहा.

क्लार्क मागे वळून हसला. "सर, बायको परत जवळ आली की तुमची!"

सोनवणेही हसले.

* * *

मग मेहेर मॅडमनी युक्ती काढली. "सर, नकाशावाल्यांनाच कळवा ना, का पूल नाय म्हणून."

सोनवण्यांनी मोबाइलवरून कळवलं. पूल अस्तित्वात नाही. सोबत दोन खांबांचा फोटो. आठवड्याने उत्तर आलं, आपली सूचना स्वीकारता आली नाही, धन्यवाद. खाली लगेच दुसरा मेसेज. तुम्ही नुकतीच या पुलाला भेट दिलीत. तुमचा अनुभव कसा होता?

सोनवण्यांनी एक तारा दिला. लिहिलं, "पूल नाही."

दुसऱ्या दिवशी उघडून बघतात तर त्यांच्या वर आणखी एकाचा अभिप्राय. पाच तारे. "अतिशय शांत ठिकाण. अजिबात ट्रॅफिक नाही."

मेहेर मॅडम त्या माणसाला उद्देशून जे म्हणाल्या ते मला मराठीची शिक्षिका असूनही इथे लिहिता येणार नाही.

* * *

शेवटी तिसऱ्या अर्जाला संस्थेच्या सचिवसाहेबांनी स्वतः जागेवर येऊन पाहायचं कबूल केलं. साहेब माणूस वाईट नाही. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. रिटायरमेंटला आलेले, हळू बोलणारे, प्रत्येकाला "बाळा" म्हणणारे. म्हणाले, "नकाशा काय म्हणतो आणि जमीन काय म्हणते, दोन्ही बघू. चुरी, तुमच्याच गाडीने जाऊ."

सप्टेंबरचे दिवस होते. साहेब पुढे बसले, मांडीवर फाइल. सोनवणे आमच्यात मागे, मधे अंग चोरून. इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी केली होती. मुलाखतीला निघाल्यासारखे दिसत होते. सारखं घड्याळ बघत होते. मेहेर मॅडमनी पर्समधून खोबऱ्याची वडी काढून त्यांच्या हातावर ठेवली, ती त्यांनी खाल्लीच नाही, तशीच मुठीत धरून ठेवली.

डांबरी संपली, कच्चा रस्ता लागला, मग तोही झुडपात गेला आणि गाडी नदीवर येऊन थांबली. पाणी दोन्ही काठ भरून, गढूळ, जोराचं. मधोमध ते दोन खांब. एकावर बगळा बसलेला.

तिसऱ्या बाई म्हणाल्या, "पुढे सरळ चला. आपले ठिकाण नऊ मिनिटांवर आहे."

मला वाटलं, झालं काम! इतका खणखणीत पुरावा कोणाला मिळतो? चुरी सरांनी तर आवाज मोठा केला. "पुढे सरळ चला," बाई परत म्हणाल्या. साहेब गाडीतून उतरले, चष्मा पुसला आणि पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"पूल नाही, साहेब," सोनवणे म्हणाले.

"दिसतंय, बाळा."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर दोन छत्र्या दिसल्या, एक मोठी आणि एक लहान, लाल. वैशाली मधल्या सुट्टीत पिऊला घेऊन आली होती, साहेबांना बघता यावं म्हणून. सोनवण्यांनी दोन्ही हात वर केले. पिऊने छत्री खाली टाकली आणि तीही हात हलवायला लागली. काहीतरी ओरडत होती. पाण्याच्या आवाजात शब्द येत नव्हते, नुसता तिचा आवाज येत होता. सोनवणे पार पाण्याच्या कडेला गेले. मेहेर मॅडमनी मागून त्यांच्या शर्टाला धरलं.

साहेबांनीसुद्धा हात हलवला. त्यांचे डोळे भरून आले होते, मी स्वतः पाहिलं. "गोड आहे हो मुलगी," म्हणाले.

मग त्यांनी गाडीच्या बॉनेटवर फाइल ठेवली, खिशातून पेन काढलं आणि तिथेच उभ्याउभ्या शेरा लिहिला. वळणदार अक्षर, खाली सही आणि तारीख. फाइल सोनवण्यांच्या हातात दिली, त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि गाडीत जाऊन बसले.

सोनवण्यांनी वाचलं आणि फाइल माझ्याकडे दिली. मी मोठ्याने वाचलं, कारण चुरी सर आणि मेहेर मॅडम माझ्याच तोंडाकडे बघत होते.

"प्रत्यक्ष स्थळपाहणी केली. पती व पत्नी एकमेकांस स्पष्ट दिसतात. सबब, एकत्रीकरणाची आवश्यकता नाही."