तारवाल्या वहिनी

शर्यतीच्या मैदानावर त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं. लहानथोर सगळे तारवाल्या वहिनी म्हणायचे, आणि ते खरंच होतं. हौशी मंडळींच्या मोटरसायकल शर्यतीत एक नियम फार कडक असतो. इंजिनातलं तेल ज्या बोल्टने अडवलेलं असतं, तो बोल्ट बारीक पोलादी तारेने जखडलेला हवा. बोल्टच्या डोक्याला भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची आणि पीळ देत देत शेजारच्या पक्क्या जागेला बांधून टाकायची. इंजिनाच्या थरथरीने बोल्ट सैल व्हायला लागलाच, तर तार त्याला मागे ओढून धरते. या एवढ्याशा कामाला पुरुषांची बोटं जाड पडत. वहिनींची बोटं पडली शिवणकामाची. नवऱ्याच्या गाडीची तार त्यांनी एकदा बांधून दिली, ती शेजारच्याने पाहिली, आणि चार वर्षांत निम्म्या मैदानाच्या तारा त्यांच्याकडे आल्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. सहा दिवस लोकांना वर-खाली न्यायची काळजी वाहायचा आणि सातव्या दिवशी स्वतःचा जीव टांगणीला लावायचा. दोन खोल्यांचं घर, पण त्यातली दीड गाडीची होती. पेट्रोलची टाकी न्हाणीघरात, साखळी भिजत घातलेलं तसराळं ओट्याखाली. अंथरुणालासुद्धा पेट्रोलचा वास येई. नवऱ्याचं गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलेलं, उजव्या हाताची करंगळी कायमची सरळ राहिलेली. चहाचा कप धरला की ती उगाच ऐटीत वर दिसे. आपल्या सख्ख्या भावाच्या लग्नात वहिनी एकट्याच गेल्या, कारण त्या दिवशी शर्यत होती. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, कामावर आहेत. खोटं बोलल्याची टोचणी त्यांना पुढे बरेच दिवस होती.

मग त्या मैदानावर जायच्याच कशाला? एकदा कुणीतरी विचारलं तर म्हणाल्या, "घरी बसून फोनकडे बघत बसण्यापेक्षा तिथे बसून त्यांचे पाने-पक्कड पुसलेले बरे."

देवावर त्यांची श्रद्धा साधी आणि घट्ट होती. तार पिळताना त्या प्रत्येक पिळाला देवाचं नाव घ्यायच्या. एका बोल्टला अकरा पीळ, अकरा वेळा नाव. ओठ हलताना दिसले की पोरं चेष्टा करायची.

"वहिनी, नवऱ्यालाही अशीच एक तार बांधा. घरातून सुटायचा नाही."

"बांधली होती रे लग्नात. सैल निघाली," त्या मान वर न करता म्हणायच्या.

या चेष्टेकऱ्यांत सगळ्यात पुढे असायचा पोस्टमन. आठवडाभर कुत्र्यांच्या भीतीने सायकल रेटत नेणारा हा माणूस रविवारी गाडीवर बसला की वेगळाच कुणी होई. त्याची बायको बेकरीत गल्ल्यावर होती. ती कधी आलीच तर थर्मास घेऊन मैदानाकडे पाठ करून बसायची. "मला आवाजावरून कळतं कुठे आहे ते. डोळ्यांनी कशाला बघू?" असं म्हणायची. तिचं नि वहिनींचं चांगलं जमे.

त्या रविवारीही वहिनींनी पोस्टमनची तार बांधली. चौथ्या फेरीत डावीकडच्या लांब वळणावर त्याचं मागचं चाक पायाखालून साबण निसटावा तसं निसटलं. गाडी एकीकडे गेली आणि तो कठड्यावर पाठीने आपटला. बायको थर्मासचं झाकण लावत होती. आवाज बंद झाला, तेव्हा तिने मागे वळून पाहिलं.

कमरेखाली त्याला काही कळेनासं झालं, ते कायमचंच.

शर्यत भरवणाऱ्या मंडळाने गाडी तपासली. तेलाचा बोल्ट सैल झाला होता, तेल गळून मागच्या टायरवर आलं होतं. तार मात्र जागेवर शाबूत होती. कागदावर त्यांनी लिहिलं की बोल्ट पुरेसा आवळलेला नव्हता. बोल्ट आवळणं हे चालवणाऱ्याचं काम, तशी त्याची सही असते. खापर पोस्टमनच्या डोक्यावर फुटलं. आणि चूक ज्याची त्यानेच भोगली म्हणताच सगळ्यांना हळहळायला मोकळीक मिळाली.

वहिनी दर आठवड्याला त्याच्याकडे जात. पुढच्याच खोलीत पलंग टाकला होता. बेकरी सोडून बायको आता त्याचंच करत होती. दर दोन तासांनी त्याला कूस बदलून द्यावी लागे, नाहीतर अंगाला जखमा होत. करायची सगळं, पण तोंडाचा पट्टा थांबत नसे.

"एक बोल्ट. सगळ्या जगाची पत्रं बरोबर पोचवलीस, आणि स्वतःचा एक बोल्ट आवळता आला नाही तुला."

पोस्टमन छताकडे बघत राही. एकदा तो हळूच म्हणाला, "आवळला होता असं वाटतं गं."

"वाटतं म्हणे."

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत खाली बघत. नवरा-बायकोत तिसऱ्याने काय बोलायचं?

मोडकी गाडी डोळ्यांसमोर नको म्हणून पोस्टमनच्या बायकोने ती लिफ्टवाल्याकडे पाठवली होती. इमारतीमागच्या पत्र्याच्या खोलीत ती कापडाखाली पडून होती. तिसऱ्या महिन्यात कुणीतरी तिच्या इंजिनासाठी विचारलं. इंजिन उतरवायचं तर आधी तारा कापायला हव्यात. नवरा म्हणाला, "तूच बांधलीस, तूच काप. मी वरून जॅक घेऊन येतो."

वहिनी कटर घेऊन खाली बसल्या. एक तार कापली, दुसरी कापली. तेलाच्या बोल्टपाशी हात थांबला.

तार बांधण्याला एक दिशा असते. तिची ओढ बोल्ट आवळण्याच्या बाजूला हवी. या तारेची ओढ सुटण्याच्या बाजूला होती. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अकरा पीळ होते, एकसारखे, देखणे, आणि सगळे उलट्या बाजूला. बोल्टला धरून ठेवण्याऐवजी ती तार फेरीगणिक त्याला सोडायला मदतच करत होती.

मग त्यांना ती सकाळ आठवली. त्या नेहमी गाडीच्या डाव्या अंगाला बसत. त्या दिवशी पाण्याच्या पिंपाचा नळ गळून डावीकडे चिखल झाला होता, म्हणून त्या उजवीकडे बसल्या. पोस्टमन बाजूला उभा राहून काहीतरी विनोद सांगत होता. हात सवयीने चालत राहिले. तपासनीसाने येऊन पेन्सिलीच्या टोकाने तार हलवून पाहिली आणि सही केली. तार आहे की नाही एवढंच तो बघे. कुठल्या बाजूला ओढतेय हे वहिनींची तार म्हटल्यावर कोण बघतो?

नवरा जॅक घेऊन आला, तेव्हा त्या जमिनीवर तशाच बसलेल्या होत्या.

"अहो, ही उलटी आहे."

तो वाकला. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "कापून टाक."

"उलटी आहे म्हणतेय मी."

"दिसतंय मला. काप आणि फेकून दे. हे बघ, तपासनीसाने सही केली, पोस्टमनने स्वतः सही केली, मंडळाने सही केली. तुझी सही कुठे आहे का? कुठेच नाही."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय? सांगून त्याचे पाय परत येणारेत?"

"नाही."

"मग झालं तर."

"त्याची बायको त्याला रोज बोलते हो. मी तिथेच घड्या घालत बसलेली असते."

नवरा जॅक ठेवून निघून गेला. वहिनींनी तार दोन्ही टोकांना कापून, आकार न मोडता रुमालात बांधली.

इथे त्या लगेच उठून गेल्या असत्या, तर सांगायला किती बरं वाटलं असतं. पण त्या गेल्या नाहीत. सकाळी देवापुढे हात जोडून त्यांनी मागितलं काय, तर दुसरं काहीतरी कारण निघू दे. टायर जुना निघू दे, बोल्टचे आटे झिजलेले निघू देत. ज्याचं नाव घेत त्यांनी ते पीळ दिले, त्याच्याकडेच त्या आता पळवाट मागत होत्या. हे त्यांच्या लक्षातही आलं. तरी मधल्या आठवड्यात त्या पोस्टमनकडे जाऊन, रुमाल पिशवीत तसाच ठेवून, घड्या घालून परत आल्या. त्या दिवशी बायको त्याला म्हणाली होती, "तुझ्या हातून साधं एक काम नीट झालं असतं, तर मी आज माणसात असते." तो भिंतीकडे तोंड करून रडला होता.

बाराव्या दिवशी वहिनी गेल्या त्या बसल्याच नाहीत. पलंगाशी उभं राहून त्यांनी रुमाल सोडला.

"ही तुझ्या गाडीची तार. मी उलटी बांधली होती. तुझा बोल्ट तारेनेच सुटला. चूक माझी आहे, तुझी नाही."

पाठ केल्यासारखं ते बाहेर पडलं. पाठच केलं होतं.

पोस्टमनने तार हातात घेतली. उजेडात धरली, चिमटीत फिरवली. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मी आवळला होता," तो म्हणाला. "पाना टक् वाजला होता. पुरेसा आवळला की वाजतो ना, तसा. रोज ऐकतोय मी तो आवाज. वाटायचं, आपल्याच मनाने बनवलाय. डोक्यावरही मार लागला असेल, असं वाटायचं." मग बायकोकडे वळून, अगदी लहान मुलासारखं, "ऐकलंस? मी आवळला होता."

बायको ओला टॉवेल हातात घेऊन दारात उभी होती. टॉवेलातून पाणी गळून तिच्या पायावर पडत होतं.

"म्हणजे तीन महिने मी कुणाला बोलत होते?" तिने विचारलं.

मग ती वहिनींकडे वळली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"बारा दिवस झाले," वहिनी म्हणाल्या.

"बारा दिवस. मधे येऊन गेलात तुम्ही. चहा प्यायलात."

"हो."

"समोर बसून ऐकलंत सगळं."

"हो."

ती आणखी काही बोलेल म्हणून वहिनी उभ्या राहिल्या. शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं, टॉवेल तोंडावर फेकावा, कशालाही त्यांची तयारी होती. बायकोने पलंगासमोरच्या घड्याळाकडे पाहिलं. कूस बदलायची वेळ झाली होती.

"ती बाजू धरा," ती म्हणाली.

वहिनींनी त्याचे पाय धरले. माणसाचे पाय इतके जड असतात हे त्यांना माहीत नव्हतं. टाचेवर रुपयाएवढी जखम होती, तिच्यावर पट्टी होती, आणि वहिनींचा हात पट्टीवर पडलाय हे त्याला कळतसुद्धा नव्हतं.

"उद्या दहाला या," बायको चादर ओढत म्हणाली. "एकटीला वळत नाही तो."

तेव्हापासून वहिनी रोज जाऊ लागल्या. तारांचं काम त्यांनी सोडलं. मैदानावर जाऊन सगळ्यांसमोर कारणही सांगितलं. ऐकणाऱ्यांनी माना खाली घातल्या आणि मग आपापल्या बोल्टकडे निघून गेले. पोस्टमनला हे आवडलं नाही. "तारा तुम्हीच बांधायला हव्यात वहिनी. आता तर तुमच्याइतकं नीट कोणी बघणार नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजाला पुन्हा जोर आला होता. बायको मात्र गप्प झाली. नवऱ्याला ती आता वेडंवाकडं बोलत नसे, चांगलंही बोलत नसे. ज्या रागावर ती दिवसभर उभी राहायची तोच कुणीतरी काढून नेला होता, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं हे तिला सुचत नव्हतं. वहिनींशी तिचे दोनच शब्द होते, धरा आणि सोडा.

पुढच्या रविवारी लिफ्टवाला सकाळीच गाडी घेऊन गेला. तार त्याने स्वतः बांधली होती, जाड बोटांनी, शिव्या घालत. वहिनी दहाला पलंगाशी हजर होत्या. कान बाहेर रस्त्याकडे, मन मैदानावर, तोंडात देवाचं नाव. पोस्टमनने घड्याळाकडे पाहिलं.

"आता सराव सुरू झाला असेल," तो म्हणाला. "वहिनी, फोन आला तर विचारा ना, लांब वळण कोण कसं घेतंय ते. मला जरा घड्याळाकडे तोंड करून ठेवा."

बायकोने उशी त्याच्या गुडघ्याखालून काढली.

"धरा," ती म्हणाली.

पाळी भिंतीकडच्या कुशीची होती. दोघींनी मिळून त्याला घड्याळाकडे पाठ करून भिंतीकडे वळवलं.