भोंग्याची खटकी

माझ्या धाकट्या भावाला अख्खी वस्ती ‘हॅलो’ म्हणते. धंदा लाउडस्पीकरचा. कुठेही सभा असो, नाहीतर शाळेचा बक्षीस समारंभ, आधी हा जाऊन माईकवर टिचकी मारणार आणि म्हणणार, “हॅलो, हॅलो, चेक.” मागून कुणीतरी ओरडतं, “ऐकू येतंय, बोल!” पण ह्याचं बोलणं तिथंच संपतं. मग स्वारी कोपऱ्यात मशीनमागे जाऊन बसते ती खुर्च्या उचलेपर्यंत. दुसऱ्यांचे आवाज लावण्यात अर्धं आयुष्य गेलं त्याचं. स्वतः चारचौघांत एक वाक्य पुरं बोललेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

माझं इस्त्रीचं दुकान. घराच्या पुढच्या खोलीत मी आणि गिऱ्हाइकांचे कपडे, मधल्या खोलीत ह्याच्या वायरींची भेंडोळी, आणि गल्लीकडच्या खिडकीशी आई. आईचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. वॉर्ड ऑफिस आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच. सभेला तिथल्या हॉलमध्ये माणसं मावत नाहीत म्हणून भाऊ बाहेर खांबाला एक भोंगा लावतो, आणि आई खिडकीत बसून अख्खी सभा ऐकते. नुसती ऐकत नाही, उत्तरंही देते. गटाराचा विषय निघाला की इथून म्हणणार, “खोटं बोलतोय मेला! गटार आमच्या दारात तुंबलंय.”

भाऊ कसा आहे ते मला त्यानंच सांगितलं होतं, एका दुपारी, मी इस्त्री करत असताना. “ताई, मला बायका नाही गं आवडत. पुरुष आवडतात.” मी एका भल्या माणसाची कॉलर जाळली. मग म्हटलं, “बरं. आईला सांगू नकोस.” तेव्हापासून घरात विषय नाही. पाट्या रंगवणारा एक पेंटर दर रविवारी येतो, आई त्याला ‘ह्याचा मित्र’ म्हणते आणि त्याच्या बशीत दोन बिस्किटं जास्तीची ठेवते. ह्यापलीकडे आम्ही कुणी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

वाचनालयाच्या वर वॉर्डाची एक खोली आहे. तिथं बुधवारी संध्याकाळी ह्याच्यासारखी माणसं जमतात. पुरुष असतात, बायका असतात, पोशाख एक आणि जन्मदाखला भलताच अशीही असतात. एक नर्स येते, रक्त तपासते, औषधांचं सांगते. चहा होतो. कुणाला घरातून हाकललं असेल तर त्याची सोय बघतात. खोलीची किल्ली ह्याच्याकडे, झाडलोटही हाच करतो. घरी कधी केरसुणीला हात लावला नाही, पण ते असो.

तर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ती खोली खुपायला लागली. त्यानं सह्या जमवल्या आणि अर्ज दिला, की तिथं नको ती माणसं जमतात, खोली बंद करा. विषय वॉर्डाच्या जाहीर सभेत आला. आणि एका सकाळी चहा पिता पिता भाऊ म्हणाला, “ताई, ह्या सभेत मी बोलणार आहे.”

मी कप खाली ठेवला.

“तू? कशाला? वाचनालयाच्या बाई बोलतील की!”

“त्या बोलतातच. पण त्या ‘ते लोक, ते लोक’ म्हणतात. ‘आम्ही’ म्हणणारा एक तरी नको?”

“अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची!”

“मूठ झाकून झाकून बोटं आखडली माझी, ताई.”

तरी मी बोललेच. दुकानाचं बोलले, गिऱ्हाइकांचं बोलले, शेवटी आईवर आले. खिडकीत बसलीय ती, भोंगा सरळ तिच्या कानावर. रस्त्यावरच्या कोणा सोम्यागोम्यासारखं भोंग्यातून कळायचं तिला? तिचं काही बरंवाईट झालं तर? मग म्हणाला, “भोंग्याला वेगळी खटकी आहे, चालू-बंद करायची. मी बोलायला गेलो की मशीनवर कुणीतरी बसायला हवं. तू बस. खटकी तुझ्या हातात. तुला वाटेल ते कर.”

हे बरं! सगळा घोर माझ्या जिवाला लावून हा मोकळा.

मग त्यानं मला मशीन शिकवलं. हे बटण आवाजाचं, ही खटकी भोंग्याची. आणि एक गोष्ट सांगितली, जी वस्तीत कुणालाच ठाऊक नव्हती. सभेच्या अध्यक्षांचं आणि त्याचं ठरलेलं होतं. नको ते कुणी बोलायला लागलं की अध्यक्ष चष्मा काढून पुसतात. तसं झालं की ह्यानं आवाज हळूहळू उतरवायचा. एकदम नाही, नाहीतर लोक ओरडतात. थोडा थोडा, म्हणजे बोलणाऱ्यालाच वाटतं आपला घसा बसला, आणि बाकीचे म्हणतात, ‘हॅलोचं मशीनच भिकार.’ ऐकलं नाही तर सभांचं काम दुसऱ्याला जाणार होतं.

“आणि तू बोलताना त्यांनी चष्मा पुसला तर?”

“पुसतीलच,” तो म्हणाला.

सभेच्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. एकाच्या पँटला दोन दोन घड्या पाडल्या. आईला म्हटलं, आज खिडकी लावून घे, वारं फार आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढं बोललेच नाही.

हॉल खच्चून भरला होता. पेंटर मागच्या भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढराफटक. आधी औषधवाला बोलला. लहान मुलांवर काय परिणाम होतो, वस्तीचं नाव कसं खराब होतं, आणि दर वाक्याला “माझा कुणावर रोख नाही हं.” टाळ्याही पडल्या. मग वाचनालयाच्या बाई बोलल्या, चांगलं बोलल्या, पण लोक जांभया देत होते. आणि भाऊ माझ्या शेजारून उठला. मी पटकन भोंग्याची खटकी बंद केली. आईपुरतं तरी संकट टळलं, म्हटलं.

तो माईकपाशी गेला. टिचकी मारली. आणि सवयीनं म्हणाला, “हॅलो, हॅलो, चेक.”

हॉल खो खो हसला. मागून नेहमीसारखी आरोळी आली, “ऐकू येतंय, बोल!” भाऊ परत यायला वळतो की काय असं मला क्षणभर वाटलं. खोटं कशाला बोलू, वळावं असंच वाटलं.

तो वळला नाही. म्हणाला, “त्या खोलीत कोण येतं, असं औषधवाले विचारतात. मी येतो.”

हसू विरलं. अध्यक्षांचा हात चष्म्याकडे गेला.

“मला पुरुष आवडतात. शाळेत होतो तेव्हापासून मला ते ठाऊक आहे. तुमच्यातले निम्मे माझ्याबरोबर शाळेत होते.”

अध्यक्ष चष्मा पुसायला लागले. रुमालानं, सावकाश, माझ्याकडे बघत. बटण माझ्या बोटांखाली होतं. एवढंसं फिरवलं असतं तर हा मुका झाला असता, आणि दोष मशीनला गेला असता. त्या चहाच्या सकाळपासून मी हेच तर मागत होते. भावानंही चष्मा पाहिला. तो थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. हॉलमध्ये काय चाललंय ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मी काहीच केलं नाही, ना वर ना खाली.

आणि तेवढ्यात तो औषधवाला शहाणा! आवाज उतरत नाही म्हणून अध्यक्षांनी त्याला काहीतरी खुणावलं, आणि तो तरातरा माझ्याकडे येऊन थेट मशीनच्या प्लगला हात घालायला लागला. माझ्या भावाच्या मशीनला! जे पुसायला तो मला माझ्या दुकानातलं फडकंसुद्धा वापरू देत नाही! माझं डोकंच फिरलं. औषधवाल्याच्या हातावर अशी चापट मारली की पहिल्या रांगेनं वळून पाहिलं. “हात लावायचा नाही! शॉक बसेल!” म्हटलं, आणि त्याच तिरमिरीत भोंग्याची खटकी खाडकन खाली पाडली.

बाहेर खांबावरून भावाचा आवाज गल्लीभर गेला.

“अध्यक्षांनी चष्मा पुसला की मी आवाज उतरवतो. बरीच वर्षं. तुम्ही म्हणता मशीन भिकार. मशीन चांगलं आहे. मी भीत होतो.”

पाण्याच्या नळासाठी दर सभेत भांडणारी एक म्हातारी आहे. ती ताडकन उठली. “म्हणजे माझा घसा बसत नव्हता? आणि मी मेली काढे पितेय!” मग काय विचारता! ज्याला त्याला आपापली जुनी भाषणं आठवली. त्या गदारोळात भाऊ बोलतच राहिला, नर्सचं, चहाचं, हाकललेल्या पोरापोरींचं. शेवटपर्यंत बोलला. अध्यक्षांनी घाईघाईनं जाहीर केलं, की खोलीचा निर्णय पुढच्या सभेत, तोवर आहे ते चालू द्या. जिंकलो नाही. पण कुलूपही लागलं नाही.

लोक पांगले. मी वायर गुंडाळत होते तेव्हा कुठं मला आई आठवली. भोंगा! भावाला सांगितलं. त्यानं नुसतं माझ्या हातातलं भेंडोळं घेतलं.

घर ते काय, चार पावलांवर. खिडकी उघडी होती आणि आई खिडकीत नव्हती. मला नको नको ते सुचलं. आत गेलो तर ती खुर्चीवर बसली होती, दाराकडे तोंड करून. ते गुडघे घेऊन खुर्ची कशी ओढली तिनं, देव जाणे.

“मध्येच सुरू झालं ते,” ती म्हणाली. “चष्म्याचं ऐकलं. पोरांचं ऐकलं. आधी काय बोललास ते नाही ऐकू आलं.”

“काही नाही गं आई,” मी म्हटलं, “असंच आपलं...”

“तुला नाही विचारलं. तू खिडकी लावायला सांगत होतीस.” मग त्याच्याकडे बघून म्हणाली, “साऱ्या गावाला सांगितलंस ना? मग मला सांग.”

भाऊ खोलीच्या मध्यावर उभा राहिला. ओठ हलत होते, आवाज फुटेना. हॉलभर माणसांपुढे जो डगमगला नाही, तो आईपुढे अडला. पंख्याची खरखर तेवढी चालली होती. मी जाऊन पंखा बंद केला.

त्यानं घसा खाकरला. आणि मेल्यानं काय म्हणावं?

“हॅलो,” म्हणाला.

“ऐकू येतंय,” आई म्हणाली. “बोल.”