रात्री न मोजणारं मशीन

देणगीत आलेली वस्तू पाहिली की माझं डोकं आधीच फिरतं. शहरातला भंगारवाला ज्याला हात लावत नाही ते आमच्या घाटावर देणगी म्हणून चढतं, वर फोटो काढून घेतात. मोखाड्याच्या पुढच्या एका दवाखान्यात आलेला संगणक असाच होता. झाकणाचा एक स्क्रू नाही, पुढची पट्टी चिकटवलेली, आणि आतून उंदरांचा वास. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालेल ना हो?" मी म्हटलं, चालवूया.

जव्हारला डेपोच्या अंगाला माझं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंटर, मोबाईलच्या काचा आणि सांगाल ती संगणकाची दुरुस्ती. दवाखाना एका छोट्या ट्रस्टचा. डॉक्टरबाई तिथेच राहतात, बोलतात कमी आणि ऐकतात त्याहून कमी, पण रात्री-अपरात्री पाड्यावर चालत जाणारी ती एकच डॉक्टर मी पाहिली आहे, म्हणून त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. त्यांना कुणीतरी गरोदर बायकांची नोंद ठेवणारा प्रोग्राम दिला होता. बाईची माहिती एकदा भरली की दिवस जवळ आल्यावर तिचं नाव रोज सकाळी आपोआप पडद्यावर येणार. नाव आलं की दवाखान्याची जीप निघणार आणि बाईला आधीच आणून मागच्या खोलीत ठेवणार. इथल्या कितीतरी पाड्यांना अजून रस्ता नाही. ओढा चढलेला असला आणि कळा सुरू झाल्यावर बाई घराबाहेर निघाली, तर उशीर झालेलाच असतो. हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तोवर हे काम सिस्टर करायच्या. सोमवारी सगळी कार्डं टेबलावर पसरून चाळायच्या. आता मशीन करणार होतं, त्यामुळे सिस्टर खूश होत्या.

दवाखान्यात इंटरनेट नाही. रेंजसाठी मागच्या टेकाडावर जावं लागतं, तेही आभाळ मोकळं असेल तर. म्हणजे सगळं त्या एका डब्यातच चालायला हवं होतं. प्रोग्रामला लागणारे वेब सर्व्हर, डेटाबेस आणि पीएचपी असे वेगवेगळे बसवायला गेलं तर प्रत्येकजण दर पायरीला इंटरनेट मागतो. म्हणून हे सगळं एकाच पुडक्यात देणारं पॅकेज मी दुकानात बसून उतरवून घेतलं, पेनड्राइव्ह शर्टाच्या खिशात टाकला आणि मोखाड्याची जीप धरली. श्रावणातला पाऊस. घाटात जीप दोनदा थांबली, एकदा दरडीसाठी आणि एकदा ड्रायव्हरच्या तंबाखूसाठी.

त्या डब्यावर विंडोजच्या जागी लिनक्स होता, त्याचा एक स्वभाव मला आवडतो. तुम्ही स्वतःच्या हाताने आणलेली फाइलसुद्धा तो परवानगीशिवाय चालू देत नाही. परवानगी दिली, पासवर्ड टाकला, मग पुडकं उलगडू लागलं. पट्टी पुढे सरकत होती तेवढ्यात वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा सगळं नीट बसलं तर सर्व्हर सुरू होईना. ज्या दाराने तो बाहेर बोलणार ते दार म्हणे आधीच कुणीतरी अडवलंय. शोधलं तर आधीच्या मालकाचा एक सर्व्हर आत गुपचूप चालू होता. कोण कुठला माणूस, त्याचा डबा भंगारात निघाला तरी त्याचा सर्व्हर आपला पहारा देत बसलेला. त्याला बंद केलं आणि पुन्हा उठणार नाही असा बंदोबस्त केला. मग फोल्डरच्या परवानग्या, मग डेटाबेस आत घेणं. पॅकेजमध्ये वेळ युरोपातल्या कुठल्याशा शहराची धरलेली असते, ती मी आठवणीने बदलून आपली केली. प्रोग्राम तारखांवर चालणारा, तिथे चूक नको.

शेवटी पडद्यावर पान उघडलं तेव्हा माझ्या मागे मावशी चहा घेऊन उभ्या होत्या.

मावशी म्हणजे दवाखाना झाडणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, आणि कळा देणाऱ्या बाईचा हात धरून बसणाऱ्या. जवळच्याच पाड्यावरच्या. सकाळी कुलूप त्या उघडायच्या आणि संध्याकाळी त्याच लावायच्या.

"यात काय दिसंल, भाऊ?"

मी सांगितलं.

"माझे पोरीचा नाव पन?"

सिस्टरनी मला नंतर सांगितलं. मावशींची एकुलती एक मुलगी ओढ्यापलीकडच्या पाड्यावर दिलेली. पहिलं मूल वाटेतच गेलं, दुसरं महिनाभरही राहिलं नाही. आता तिसऱ्यांदा दिवस होते. सासरची माणसं वाईट नव्हती, पण बोलायला लागली होती. मी मावशींसमोर त्यांच्या मुलीची माहिती पहिल्यांदा भरून घेतली. पडद्यावर तिचं नाव उमटलं तेव्हा मावशींनी पदराला हात पुसून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, तरी.

एक काम राहिलं. डब्याच्या आत बटणासारखी एक छोटी बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं एवढंच तिचं काम. ती मेलेली होती. माझ्याकडची त्या वेळी संपली होती, म्हणून पुढच्याच आठवड्यात जीपवाल्याच्या हाती पाठवून दिली. सिस्टरनी ती औषधांच्या कपाटात जपून ठेवली. डबा उघडायचा तर मीच उघडावा, असं डॉक्टरबाईंचं म्हणणं, आणि मी सांगितलं होतं की घाई नाही, वायर बोर्डाला लावलेली असली की घड्याळ चालतं, वीज गेली तर तेवढा वेळ मागे पडेल एवढंच. हे खरंच आहे. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पण मावशींच्या पाड्याची एक रीत आहे, ती मला ठाऊक नव्हती. मागे कधीतरी त्यांच्याकडचा ट्रान्सफॉर्मर वीज पडून जळला आणि पाडा सगळा पावसाळा अंधारात राहिला. वीज परत आली त्याच रात्री एका घरात ओल्या भिंतीला करंट उतरून माणूस गेला. तेव्हापासून त्या पाड्यावर कुणीही निजताना किंवा घर बंद करताना मेन स्विच चालू ठेवत नाही. पोरंसुद्धा ठेवत नाहीत. मावशी दवाखान्याच्या ऑफिसची खोली बंद करताना तिचा मेन पाडायच्या. वॉर्डाची लाइन वेगळी होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. आणि आलं असतं तरी सगळे म्हणाले असते, चांगलं करते बाई.

मेन पाडला की डब्याचं घड्याळ मरायचं. सकाळी मशीन उठलं की लिनक्स आपल्या परीने शहाणपणा करायचा. शेवटी बंद होताना जी वेळ त्याने लिहून ठेवली होती तिथूनच तो पुढे मोजायला लागायचा. म्हणजे संध्याकाळी झोपला तिथूनच त्याची सकाळ सुरू. मधली रात्र त्याच्या हिशोबात नव्हतीच. दवाखाना चालू असेल तेवढाच त्याचा दिवस, आणि असे तुटके दिवस जोडून त्याचा एक दिवस व्हायचा. बाहेर गौरी-गणपती होऊन गेले, नागलीला कणसं आली, तरी तो श्रावणातच रेंगाळत होता. पोटातलं मूल मात्र रात्रीही वाढतं.

पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ चुकते हे सिस्टरना दिसलं होतं. पण भिंतीवर घड्याळ होतं, आणि संगणकाचं घड्याळ मागेपुढे असायचंच, असं त्यांना वाटलं. कार्डं कपाटात गेली होती. रोज सकाळी मावशी केर काढता काढता विचारायच्या, "आला का माझे पोरीचा नाव?" सिस्टर पडद्याकडे बघून म्हणायच्या, "नाही आलं. अजून वेळ आहे मावशी." मावशी म्हणायच्या, "बरा झाला," आणि पुढचा केर काढायच्या.

मला फोन आला तो डॉक्टरबाईंचा, टेकाडावरून. आवाज वाऱ्यात तुटत होता. एवढंच कळलं की मशीन बघायला ये, आत्ताच्या आत्ता. मावशींच्या मुलीचं बाळंतपण वाटेत झालं होतं. ओढ्याला पाणी होतं. माणसांनी तिला डोलीत घालून वरच्या वाटेने फिरवून आणलं. मुलगी वाचली. मूल मुलगा होता आणि रडलाच नाही.

ऑफिसचा मेन पाडलेला दिसला, आणि मावशींच्या पाड्यावरच्या एका माणसाने त्याचं कारण सांगितलं. मी मशीन चालू केलं आणि तारीख पाहिली, श्रावणातलीच. दारात डॉक्टरबाई उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, बॅटरी, मेन स्विच, रात्री. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, तेव्हा मला भीती वाटली. सिस्टर रडायला लागल्या आणि रडता रडता म्हणाल्या, "पण मेन पाडायला सांगितलं कुणी तिला?" मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की मी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. कुणी सांगितलं म्हणजे काय? अख्ख्या पाड्याला मेलेल्या माणसाने सांगितलं होतं.

"मावशींना हे कळता कामा नये," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यात आमचं तिघांचं एकमत झालं. मी बॅटरी बसवली. तारीख दुरुस्त केली तशी पडद्यावर नावं भराभर खाली उतरली. काही बायका कधीच बाळंत होऊन गेलेल्या, काही आज-उद्यावर आलेल्या. जीप तेव्हाच निघाली. त्या बायका सुखरूप आल्या, हे मला नंतर कळलं, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

मावशी सुतक फिटल्यावर कामावर आल्या. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो, मशीनला एक छोटा यूपीएस लावायला. म्हणजे कारण ते, खरं तर त्यांना बघायला. त्या नेहमीसारख्या केर काढत होत्या. मी खुर्चीत बसून टेबलाखालच्या वायरी बांधत असताना त्या जवळ येऊन थांबल्या.

"भाऊ, मी बटन पाडला म्हनून ना?"

कुणी सांगितलं असेल ते असेल. दवाखान्यात भिंतींनाही कान असतात. मी खोटं बोललो आणि ठामपणे बोललो. "नाही मावशी. बॅटरी खराब होती. तुमच्या स्विचचा काही संबंध नाही."

"बटनाचा तू मला नको सांगू." त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. "बाजाराचे दिशी पोर मला भेटली व्हती. पोट खाली उतरला व्हता तिचा. चालताना पाय फाकवत व्हती. मला समजला व्हता, भाऊ. इतक्या बायांची बालतपना मी पायली. तिचा नवरा बोलला, आज संगं घेऊन जातेस का. मीच नाय बोलली. मशीनमदी नाव नाय आला अजून, असा बोलली मी त्याला. तो मानला. माझा शब्द ना, म्हनून मानला."

मी वायरीची गाठ घट्ट केली. जे काही सुचत होतं ते सगळं वायरींबद्दल होतं.

मावशींनी बादलीत फडकं बुचकळून पिळलं आणि टेबलाखाली वाकल्या. "पाय उचल," म्हणाल्या. मी उचलले. त्यांनी खालची फरशी पुसून घेतली.