मनगटातून गेलेला राग

बबन घसरून पडला नव्हता. मी त्याला ढकललं होतं. दोन वर्षं मात्र मी सगळ्यांना 'पाय घसरला' असंच सांगत आलो.

आमच्या कंपनीत यंत्रं बसवायला आलेल्या एका चिनी फिटरने आम्हा दोघांना जेवणाच्या सुट्टीत तुई-शौ (मनगटाला मनगट टेकवून समोरच्याचा तोल ओळखण्याचा सराव) शिकवलं. ताकद लावू नका, असं तो बजावायचा. आधी यी (मनातला हेतू) हलतो, मग अंग. त्या दिवशी बबनला लाईन लीडर केल्याचं मला सकाळीच कळलं होतं. माझ्या मनात काय हललं, ते मला ठाऊक आहे. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. वजन उचलता येईना, तेव्हा नोकरीही सुटली.

परवा गुरुवारी, आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या सुट्टीच्या दिवशी, बबनकडे जायला निगडीहून बस धरली. भोसरीत उतरलो तर एरवी ठोक्यांनी हादरणाऱ्या गल्ल्या गप्प. बंद शटरांपुढून चालताना माझ्याच चपलांचा आवाज मागून येत होता. पुढे शेअर रिक्षा. मोशीच्या अलीकडे ती बंद पडली.

"उतरा राव, धक्का मारा."

मी मागे दोन्ही तळहात टेकले, आणि जोर लावायचं धाडसच होईना.

"जेवला न्हाई का भावा?" रिक्षावाला हसला.

चाकणला कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत बबनच्या गावी पोचलो. त्याच्या घराला तिन्ही बाजूंनी कारखान्यांच्या भिंती. त्याच्या बायकोने पिठलं-भाकरी वाढली.

"आलं का दुसरं येडं! पोटभर जेवा, मग धरा एकमेकांचं हात."

जेवणानंतर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पूर्वीसारखाच सराव करायला, बबनने डोळे मिटले. मनगट टेकलं. त्याची कातडी गार होती.

"उजवा येतोय," तो म्हणाला. मी अजून हललो नव्हतो. मग "डावा." तोही मी हलवला नव्हता. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. मी अगदी स्तब्ध उभा राहिलो. पण ती दुपार आठवली, तो राग आठवला.

बबन मागे फेकला गेला. पत्र्यावर आदळून त्याने मोडलेला खांदा धरला. माझा हात होता तिथेच होता.

आवाजाने त्याची बायको धावत आली. "ढकललं का भावजी?"

"न्हाई. हात हललाच न्हाई त्यांचा." बबनचा चेहरा उतरला होता. "पर त्या दिशीचंच आलं त्यांच्या मनगटातनं. तवाबी आदुगर कळलं हुतं मला."

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुमी बोलाल म्हून."

मी आधी त्याच्या बायकोकडे वळलो.

"वहिनी, याचा पाय घसरला नव्हता. जळफळाटाने मीच याला ढकललं, आणि वर खोटं बोललो. बबन, मला माफ कर."